सोवेटोतल्या घरचं पाणी

औरंगाबादच्या क्रांती चौकातून ट्रॅव्हल्सची बस सुटायला वीस मिनिटं उशीर झाला, म्हणून मायला बोलायला वीस मिनिटं जास्त मिळाली. ती तिनं उपदेशात घालवली. पासपोर्ट कुठं ठेवलास, स्वेटर वर ठेवला का, बसमध्ये डोळा लागू देऊ नको. दादा तिकडं ड्रायव्हरशी इंजिनाच्या आवाजावरून वाद घालत होते. जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला, माझ्या बापाला दुसऱ्याची गाडी कधी ठीक वाटलीच नाही. बस हलली तशी माय खिडकीखाली पळत आली आणि म्हणाली, "सुजे, कुणाच्या दारात गेलीस तर पाण्याला नाय म्हणू नको गं." मी म्हटलं, "व्हय माय, हो मागं आता." मुंबईहून विमान, विमानानं जोहान्सबर्ग. वाळूजच्या कंपनीनं दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. त्याला आता आठ वर्षं झाली.

वंदे, तू माझी मावसबहीण, तीही घर सोडून दुबईत बसलेली. तू विचारलंस की सुट्टीत तुझ्याकडे येते, सोवेटो बघायचंय, सेफ आहे का, प्लॅन करून ठेव. तुझ्यापाशी काय लपवायचं? आठ वर्षांत मी तिथं दोनदाच गेले. दोन्ही वेळचं सांगते, तुला हवं ते त्यात आपोआप येईल.

आधी मायच्या पाण्याचं. आपल्या वस्तीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, ते तुला माहीत आहे. दारात दोन निळी पिंपं, त्यावर लाकडी झाकण. पाणी मोजून वापरायचं, पण दारात आलेल्याला आधी गिलास, मग बोलणं. एकदा दादांचे वर्कशॉपातले साहेब पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. देवगाव रंगारीकडचे, मोठ्या घरातले. स्वभावानं गोड. मायनं स्टीलचा गिलास पुढं केला, तर हात जोडून म्हणाले, "आत्ताच पिऊन आलो, वहिनी." बाहेर ऊन रटरटत होतं. मायनं गिलास मागं घेतला, चेहरा जरासुद्धा हलू दिला नाही, आणि ते पाणी डब्यातल्या जास्वंदीला घातलं. साहेब गेल्यावर एवढंच म्हणाली, "तहान नसंल त्यास्नी." मी तेव्हा नववीत होते. हसले होते मी, खरं सांगते.

माय गेली त्याला दोन वर्षं झाली. मी तिसऱ्या दिवशी पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो लावलेला. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं. मला वाटलं परत आल्यावर उतरेल. नाही उतरलं. ऑफिस, घर, ऑफिस. आमच्या कॉम्प्लेक्सला उंच भिंत आहे, भिंतीवर करंटची तार आहे, गेटवर गार्ड आहे. आत सगळं छान आहे आणि मला काही वाटत नाही.

यंदा दादा तीन आठवड्यांसाठी आले. मी त्यांना मॉल दाखवले, सिंह दाखवले. ते नुसतं "चांगलंय" म्हणायचे. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "इथं गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसांना शहराबाहेर काढून वसवलं होतं म्हणत्यात, ती वस्ती कुठंय?" मी म्हटलं, सोवेटो, अर्ध्या तासावर. दिवसा शहरात राबायचं, अंधार पडायच्या आत परत जायचं, खिशात सरकारी परवान्याचा पास नसला की पोलीस उचलायचे, असं सगळं मी वाचलेलं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे गावकुसाबाहेरच की. मला तिथं ने. बाकी काय बघायचं नाय." तीन आठवड्यांत बापानं मागितलेली ही एकच गोष्ट. ती तरी धड व्हावी असं मला वाटलं. निदान वाटायला पाहिजे असं वाटलं.

मग मी कामाला लागले. ऑफिसातल्या लोकांना विचारलं. त्यातला एकही कधी तिकडं गेला नव्हता, पण सल्ला प्रत्येकाकडे होता: काचा वर, दारं लॉक, खाली उतरू नका. मी बंद गाडीची टूर शोधली, प्रिंट काढली. बाहेरचं खाणं नाही, पाण्याच्या सीलबंद बाटल्या सहा, दादांच्या पोटाचं औषध. दादांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "माणसं बघायला चाललोय का वाघ?" मी सेफ्टीचं काहीतरी बोलले. ते म्हणाले, "हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, सुजे. आपल्या वस्तीत असं कुणी काचंआडून फिरलं असतं तर तुझ्या मायनं त्याला काय काय ऐकवलं असतं!"

तेव्हा गाडीची टूर रद्द केली आणि तिथंच जन्मलेला गाईड शोधला, थाबो नावाचा. वंदे, तूही हेच कर. तिथला माणूस सोबत घे, सकाळी जा, उजेडात परत ये. सोनं घरी ठेव. फोन थाबो सांगेल तेव्हाच बाहेर काढायचा, आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो घ्यायचा नाही, पोरांचा तर नाहीच. जेवायचं तिथं, खरेदी करायची तिथं, म्हणजे तुझ्या येण्याचा त्यांना उपयोग. आणि पायी फिरायचं. दिसेल त्याला नमस्कार करायचा, हा नियम थाबोनं पहिल्यांदा सांगितला, तर दादा म्हणाले, "हे काय सांगायला लागतंय व्हय?" रस्ताभर ते हात जोडून "जय भीम" म्हणत गेले आणि समोरून लोक तेवढ्याच जोरात "सावुबोना" म्हणत होते. शाळेत लादलेल्या गोऱ्यांच्या भाषेवरून शहात्तर साली पोरांनी मोर्चा काढला आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ती जागा थाबोनं दाखवली. दादांनी चपला काढल्या आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मी घड्याळ बघत होते.

जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, त्याला तिथं 'पाप' म्हणतात, आणि मोगोडूचा रस्सा आला. दादांनी एक घास घेतला आणि ओरडलेच, "अगं, ही तर वजडी! तुझी माय करायची तीच, तिखट तेवढं कमी." ते बोटं चाटत जेवले. मी माझ्या पिशवीतलं सँडविच खाल्लं. कॉम्प्लेक्समधल्या आपल्याकडच्या बायकांना मी आठ वर्षं सांगत आलेय की आमच्याकडे आतडी-बितडी असलं काही खात नाहीत.

शेवटी थाबो एका घरी घेऊन गेला. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात जर्दाळूचं झाड. आत एक म्हातारी, तिला सगळे गोगो म्हणतात, म्हणजे आजी. पास नव्हता म्हणून नवऱ्याला याच दारातून उचलून नेलं होतं, ते ती आवाज न चढवता सांगत होती. सांगता सांगता उठली. दोन दिवस तिथं नळाला पाणी नव्हतं, थाबोनं मघाशीच सांगितलं होतं. कोपऱ्यातल्या पिंपातून तिनं तीन गिलास भरले आणि ट्रेमध्ये ठेवून माझ्यापुढं आणले. मी हात वर केला, हसले आणि इंग्रजीत म्हणाले, "नको नको, आम्ही आत्ताच प्यालो." माझ्या मांडीवर सीलबंद बाटली होती, तीही न उघडलेली.

गोगोनं ट्रे मागं घेतला. चेहरा जरासुद्धा हलू दिला नाही.

तो चेहरा मी ओळखला, वंदे. ओळखला आणि तरी बसून राहिले. दादा खुर्चीतून उठले, तिच्या हातातल्या ट्रेमधून गिलास उचलला, घटाघटा प्याले आणि दुसरा उचलला. मग हात जोडले. ती हसली, त्यांच्याकडे बघून.

परत येताना गाडीत दादांनी विचारलं, "काय म्हणालीस तिला?" मी सांगितलं. गेटवरच्या गार्डनं दांडी वर केली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या मायला ह्ये कळायला नको." माय गेली आहे हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. घरी येऊन मी त्या सहा बाटल्या फ्रिजमध्ये ओळीनं लावून ठेवल्या. लाज वाटायला पाहिजे होती. मला फक्त झोप येत होती.

दादांचं पोट बिघडलं नाही, हेही सांगून टाकते. चार दिवसांनी ते परत निघाले. एअरपोर्टवर बॅग देताना म्हणाले, "त्या बाईकडे एकदा जाऊन ये. पिशवी घेऊन जाऊ नको."

मी पाच आठवडे टाळलं. मग एका शनिवारी सकाळी थाबोला फोन केला आणि गेले. या वेळी कसलीच प्रिंट नव्हती. गोगोनं मला ओळखलं, दादांची तब्येत विचारली, खुर्ची दिली, नातीच्या शाळेचं सांगितलं. अर्धा तास झाला. ती छान बोलत होती, पण पाण्याचं काही विचारेना. का विचारेल? ही बाई आपल्या घरचं पाणी पीत नाही, हे तिला ठाऊक झालं होतं. तो साहेब पुढं दोन-तीनदा आला होता आपल्याकडे. मायनंही त्याला पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

इथल्या बायका मला विचारतात, तुझं घर कुठलं. दादा अजून औरंगाबाद म्हणतात, कागदावर संभाजीनगर आहे, आधारकार्डावर आपल्या वस्तीचा पत्ता आहे. मी सगळं बरोबर सांगते. पण त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा कळलं की माय जिथं राहत होती ती बाजू मी केव्हाच सोडली होती, आणि मी साहेबांच्या खुर्चीत बसले होते. ते कोणत्याच विमानानं झालं नव्हतं.

मी म्हटलं, "गोगो, प्यायला पाणी मिळेल?"

तिनं माझ्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं. "तुझी बाटली?"

"आणली नाही."

ती उठली. पिंपाचं झाकण सरकल्याचा आवाज आला. पाणी कोमट होतं, त्याला प्लास्टिकचा वास होता, आपल्या दारातल्या पिंपाला होता तसाच. घसा दुखायला लागला, रडू गिळताना दुखतो तसा. दोन वर्षांत माझं पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं. मी गिलास परत दिला. तिनं विचारलं, आणखी हवंय का?

"व्हय, माय," मी म्हणाले.