चौदा नंबरचा मग

मावशी बावीस वर्षं छातीच्या रोगाच्या दवाखान्यात आया होत्या. तिथे त्यांनी काय काय उचललं आणि धुतलं, ते जेवायच्या वेळी सांगण्यासारखं नाही. निवृत्त झाल्यावर त्या एका बाईंकडे स्वयंपाकाला लागल्या, तेव्हा त्यांना वाटलं, सुटले बाई एकदाची! आता फक्त खायच्या-प्यायच्याच भांड्यांशी गाठ.

पण या बाईंना जुन्या भांड्यांची हौस. हौस कसली, खूळच ते! कुणाचं घर मोडलं, कुठे कुणी म्हातारं गेलं, की बाई जुन्या बाजारात हजर. कढया, चाळण्या, दांडा तुटलेले डाव, सगळं घरी यायचं, आणि नुसतं मांडून ठेवायचं नाही, रोज वापरायचं. "जुनं ते सोनं, मावशी," बाई म्हणायच्या. त्या सोन्याच्या काठाखाली बसलेला परक्या घरांचा चिकट काळा थर मावशी नखाने खरवडायच्या. शी! हात दोनदा धुतले तरी वास जायचा नाही.

आणि कुणाकुणाची उष्टी भांडी लाडाने तोंडाला लावणाऱ्या या बाईंनी मावशींचा कप मात्र वेगळा ठेवला होता. सिंकखाली, फडक्यांशेजारी. कान तुटलेला. कपाटातले चांगले कप मावशींनी घासायचे, ओठ लावायचा नाही. नऊ वर्षं त्यांनी त्यातला चहा गिळला. कधीतरी बाई चुकून का होईना, कपाटातला कप पुढे करतील, एवढीच त्यांची आशा होती.

चार दिवसांची रजा संपवून त्या कामावर आल्या, तर बाई टेबलाशी कॉफी पीत बसलेल्या. हातात पांढरा इनॅमलचा मग, निळा काठ, वर बिजागरीचं झाकण.

"बघा मावशी, काय घबाड मिळालंय! अंगठ्याने दाबलं की झाकण उघडतं, कॉफी गरम राहते. रविवारपासून मी दुसऱ्या कशात पीतच नाही. आणि खाली बघा," बाईंनी मग उंच धरला, "चौदा नंबर! मोजकेच नग केलेले असणार."

मावशींनी तो बघताक्षणी ओळखला. सांगावं तर नोकरीवर गदा, न सांगावं तर ही बया पीतच राहणार.

"बाई, तो आधी खाली ठेवा. तो थुंकीचा आहे."

"काय?"

"आमच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला एक असायचा. खोकला आला की त्यात थुंकायचं. माशा बसू नयेत म्हणून झाकण. आणि चौदा हा खाटेचा नंबर. अदलाबदल नको म्हणून आम्हीच रंगवायचो."

बाई बेसिनकडे धावल्या. आतडी बाहेर येतील अशा ओकल्या. मावशींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं. त्यांना वाटलं, बरं झालं, दुसऱ्याच्या ओठांचा विचार आज तरी हिच्या डोक्यात शिरेल.

तोंड पुसत बाई खुर्चीत टेकल्या. मगाकडे बघवेना आणि टाकवेनाही.

"उकळला तर चालेल ना हो?"

"जंतू मरतील. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

बाईंनी जरा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग असं करा, उकळा आणि तुम्हालाच चहाला घ्या. तुमच्या कपाचा कान तसाही तुटलाय."

बावीस वर्षांत मावशींना कधी उलटी झाली नव्हती. आता मात्र घशाशी आलं. त्यांनी तो मग घासला, उकळला, कोरडा केला आणि कपाटात बाईंच्या लाडक्या कपांच्या मधोमध नेऊन ठेवला. सिंकखालचा आपला कप काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अहो, तिथे काय ठेवताय? बाकीच्या कपांना लागेल ना!"

मावशी चपला पायात सरकवत होत्या.

"लागू दे. चौदा नंबरवरच्या माणसांची थुंकी मी माझ्या हातांनी उचलली. त्यांची किळस मला कधी आली नाही, बाई. तुमची येते."