सहाणेवर झिजलेली पुतळी

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहून काढते. राग अजून गेलेला नाही.

आमच्या घरात बाळाच्या गुटीत सोनं उगाळायची पद्धत. त्यासाठी सासूबाईंकडे एक पुतळी होती. पुतळी म्हणजे परदेशातून आलेली जुनी सोन्याची मोहोर. आपल्याकडे बायका तिला कडी लावून माळेत ओवतात. सासूबाईंच्या सासूच्या माळेतली ही एकच उरली होती. तिच्यावर दोन माणसं, एक उभा आणि एक गुडघ्यावर. सासूबाई म्हणायच्या, हल्लीच्या सोन्यात तांबं असतं, ते बाळाच्या पोटात नको, पुतळीचं सोनं चोख. माझ्या दोन्ही मुलांना मी तीच उगाळून दिली. वरची कडी बोटांत धरायची आणि खालची कड सहाणेवर फिरवायची. गुडघ्यावरच्या माणसाची पावलं त्या सहाणेनं केव्हाच खाल्ली होती.

शेवटी सासूबाई धाकट्या दिरांकडे होत्या. त्या गेल्यावर त्यांचा दागिन्यांचा डबा उघडला तर पुतळी नव्हती. दीर म्हणाले, हरवली असेल. जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "शेवटी वापरली ती ताईंनीच की." मी गप्प राहिले. गप्प बसणाऱ्यावर आळ चांगला बसतो. सगळं गणगोत तेव्हापासून माझ्याकडे तसंच बघायचं.

मागच्या वर्षी लेकीला दिवस गेले. तिच्या बाळासाठी मला पुतळी हवी होती. हे कळल्यावर दीर घरी आले. "वहिनी, पुण्यात माझ्या मित्राकडं एक आहे. कधी माळेत गेलेली नाही, जशी आली तशी आहे. घरचं माणूस म्हणून पंचेचाळीस हजारांत देतो." कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकून साठवलेले पैसे मी त्यांच्या हातात दिले. पुतळी चकचकीत होती. मी नीट बघितलीही नाही, लगेच कपाटात ठेवली.

लेकीचे दिवस भरत आले तेव्हा, सोनं चोख आहे ना एवढंच विचारायला, आमच्याच गावातल्या नवी पेठेत जुनी नाणी घेणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदारानं भिंग लावलं.

"मावशी, माळेत गेली नाही असं कोण म्हणालं?"

"का हो?"

"इथं वर रंग फिका दिसतो ना? इथं कडी होती. कापून, घासून पॉलिश केलीय. पण कडी जोडायला झाळलेलं हलकं सोनं राहिलंच. आणि बाजारात फिरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी झिजतं. ही मागूनच जास्त झिजलीय, लुगड्यावर घासून." मग त्यानं पुतळी उलटी केली. "खालची कड तर कुणीतरी कानशीनं उतरवलीय. सोनं चोरायला."

मी पुतळी हातात घेतली. तिरपी, गुळगुळीत कड. वर गुडघ्यावरचा माणूस, पावलं नसलेला.

"कानस नाही, सहाण आहे ही," मी म्हणाले.

त्यानं परत भिंग लावलं. "खरंय. कानशीच्या रेघा दिसत नाहीत."

तिथून रिक्षा केली ती थेट दिरांच्या घरी. ते चहा पीत होते, जाऊ शेजारी बसली होती. मी पुतळी त्यांच्या बशीत ठेवली.

"याची पावलं कुठं गेली, भावजी?"

"जुनं नाणं हाय वहिनी, झिजायचंच."

"आणि कडी कुणी कापली?"

जाऊ त्यांच्याकडं बघत राहिली. "कसली कडी हो?"

"आईनंच मला दिली होती," दीर म्हणाले.

"मग हरवली का म्हणालात? माझ्यावर आळ आला तेव्हा तोंडात काय होतं? आणि माझ्याच सहाणेवरची पुतळी मलाच विकलीत?"

"हळू बोला. शेजारी ऐकतील."

"ऐकू द्या की. पैसे कधी देता?"

"आत्ता कुटं पैसे? अडकलेत."

"पुण्याच्या मित्राकडून आणा."

यावर जाऊ उठून आत गेली. तिला ठाऊक होतं की नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

घरी नवरा म्हणाला, भावाभावांत कशाला वितुष्ट? मी म्हटलं, आळ माझ्यावर होता, तुमच्यावर नव्हता. ते ताट सरकवून उठले. मी जेवले.

पुतळी मी परत दिली नाही. लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला गुटी द्यायची नाही म्हणून बजावलं, तरी पुतळी परत केली नाही. दीर थोडे थोडे पैसे पाठवत राहिले. मध्येच निरोप आला, कडी कापायची सोनाराची मजुरी वजा करतो. माझ्या सासूची कडी कापायची मजुरी मी द्यायची. मी उलट निरोप धाडला, वजा केलीत तर सगळ्या गणगोताला बोलावून पुतळी दाखवीन. इतकं लांब वाक्य मी आयुष्यात कुणाला सांगून पाठवलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी जाऊ राहिलेली रक्कम घेऊन आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मोजून घ्या, ताई."

एरवी मी म्हटलं असतं, राहू दे, मोजायचं काय त्यात. त्या दिवशी तिच्यासमोर एकेक नोट मोजली. पैसे पुरे होते.