त्याला उठून जाता आलं असतं

वाद सुरू झाला ईस्टरआधीच्या उपवासकाळात, ऊसतोडीवरून माणसं परत येऊ लागली तेव्हा. कारखाने बंद होत आले की गेवराईजवळच्या आमच्या वस्तीतलं चर्च पुन्हा भरतं. एरवी बाकांवर म्हातारी माणसं आणि आम्ही दोन-चार नोकरदार.

वाद असा की, येशूच्या हातून पाप होऊ शकलं असतं का? झालं नाही, हे सगळ्यांना मान्य. पण होऊ शकलं असतं का? गावात नवी प्रार्थना-मंडळी सुरू केलेला एक तरुण प्रचारक म्हणायचा, शक्यच नव्हतं. देव पाप करत नाही आणि येशू देव, विषय संपला. आमच्या चर्चचे पाळक म्हणायचे, मग अरण्यात सैतानानं मोह घातला ते काय नाटक होतं? ज्याला भूकच लागत नाही त्याच्या उपासाचं कसलं कौतुक? शेवटी ठरलं की एका रविवारी उपासनेनंतर अंगणात मांडव घालून दोघांनी समोरासमोर बोलायचं.

पाळक माझा बालमित्र. चारचौघांत मी त्याला पाळकसाहेब म्हणतो, एकटे असलो की अरेतुरे. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. पण मला मत होतं आणि ते का होतं हे फक्त त्याला माहीत होतं.

ते आता लिहितो.

आई अंबाजोगाईला दवाखान्यात होती. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितलं होतं. धाकटी बहीण आष्टीकडं सासरी, बाळंतीण, तिला येता येत नव्हतं. आईजवळ मी एकटा. तिचा श्वास घरघरायचा. प्रत्येक श्वासानंतर मी पुढच्याची वाट बघायचो आणि खरं सांगायचं तर तो येऊ नये असं वाटायचं. दुपारी थर्मास घेऊन चहा आणायला निघालो. आई शुद्धीत होती. म्हणाली, "लवकर ये रे." चहा घेतला. परतताना स्टँडवर बीडची गाडी लागलेली दिसली आणि मी चढलो.  वाटेत केजला उतरलो, बाकड्यावर बसून राहिलो, मग उलट गाडीनं परत आलो. आई गेली होती.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "लई इचारीत व्हत्या तुमाला. मी म्हनलं, पोरगं चहाला गेलंय, गर्दी असंल."

थर्मासमधला चहा अजून गरम होता.

बहिणीला मी सांगितलं की शेवटी आईचा हात माझ्या हातात होता. ती रडत म्हणाली, "दादा, मी न्हवते, पर तू तरी व्हतास." पुढं आईचा विषय निघाला की ती हेच म्हणायची. मी मान खाली घालायचो आणि लोकांना ते दुःख वाटायचं.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, मन मोकळं करावं अशी आमच्यात रीत आहे. खूप वर्षांनी, अशाच एका प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, चर्चमागच्या खोलीत मी मित्राला सगळं सांगितलं. हेही सांगितलं की येशूला पकडलं त्या रात्रीची शास्त्रातली बाग मला का जवळची वाटते. पकडायला माणसं येणार हे येशूला ठाऊक होतं. भीतीनं घाम फुटला होता, मित्र झोपले होते. बागेला कुलूप नव्हतं. त्याला उठून जाता आलं असतं आणि तो थांबला. ज्याला जाताच येत नव्हतं, त्याला माझं काय कळणार? आणि त्याच्या बलिदानात त्यानं दिलं तरी काय? मित्रानं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाला, "हे तुझ्यामाझ्यात राहील."

वादाच्या रविवारी मांडव गच्च भरला. बहीण मुद्दाम आली होती, माहेरचा कार्यक्रम म्हणून. बायकांच्या पुढच्या रांगेत बसली होती.

प्रचारक चांगला बोलला. "येशू हे बळीचं कोकरू, आणि कोकरू निर्दोष पाहिजे, हे तुम्हाला मान्य. आणि तुम्हीच म्हणता, ते शेवटच्या घटकेपर्यंत बिघडू शकलं असतं. मग तुमचं पापातून तारण काय नशिबावर टांगलं होतं?"

एक म्हातारी उठली. "आरं लेकरा, माझ्या एका पोराला दारूचा वासच सोसत न्हाई. दुसऱ्याला लई आवडती, पर त्यो पीत न्हाई. शाबासकी कुनाला देऊ?"

"दुसरा कोनता, आजी?" पुरुषांतून कुणीतरी ओरडलं. "त्याला तर आमी काल बघितलं!"

मांडव हसला. प्रचारकही हसला. मग म्हणाला, "आजी, तो आज पीत नाही. उद्याची हमी देता? मला हमी असलेला तारणारा पाहिजे."

म्हातारी खाली बसली. माझा मित्र पाणी प्यायला. दोन वाक्यं सुरू करून त्यानं सोडून दिली. माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"आपल्यातच एक माणूस आहे," तो म्हणाला. "नाव घेत नाही."

नाव सोडून त्यानं सगळं घेतलं. अंबाजोगाई, थर्मास, स्टँड, बीडची गाडी. माझी बाग, माझं कुलूपसुद्धा. आवाज भरून आला होता त्याचा. बायको माझ्याकडं वळून बघत होती. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. बहीण वळली नाही. तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा मला दिसत होता.

आणि शेवटी तो म्हणाला, "तो परत आला तेव्हा आईनं डोळे उघडले. म्हणाली, आलास बाळा? आणि त्याचा हात धरूनच तिनं प्राण सोडला. क्षमा झाली!"

माणसं रडली. टाळ्या पडल्या. वाद तिथंच संपला, प्रचारकाला कुणी पुन्हा बोलू दिलं नाही. आई मला कधीच बाळा म्हणत नव्हती.

नंतर चहा होता. बहीण कप घेऊन माझ्यासमोर आली.

"त्यो माणूस तूच ना?"

मी मानेनं हो म्हटलं.

"मग मला हात धरला व्हता म्हनलास, ते?"  तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. मग हळू म्हणाली, "डोळे उघडले व्हते का तिनं? तेवढं तरी खरं हाय का?"

तिच्या मागं मित्र उभा होता. त्यानं ऐकलं होतं. माझ्याकडं बघत त्यानं मान किंचित खाली केली. म्हणजे, हो म्हण. हो म्हटलं असतं तर तिचं मन राहिलं असतं, त्याचं प्रवचन राहिलं असतं, मी पण सुटलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "मी आलो तेव्हा ती गेली होती. शेवटपर्यंत मला विचारत होती."

बहिणीनं भरलेला कप खुर्चीवर ठेवला आणि ती निघून गेली.

मांडव उतरवताना मित्र जवळ आला. "न्हाई कावून म्हनलास बे? मी तुला वाट काढून दिली व्हती."

"तू सांगितलंस कावून?"

"हरत व्हतो ना. आन मत तुझंच व्हतं, ते हरू द्यायचं व्हतं?"

"डोळे उघडल्याचं कुठून आणलंस?"

"आरं, लोकांना तसंच अर्धवट घरी कसं लावून द्यायचं?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझ्यावर उपकार केलाय.

बागेत येशूचे मित्र झोपले, याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. माझा मित्र जागा होता.

त्या वर्षी प्रभुभोजनाला मी गेलो नाही. वादाचं म्हणाल तर प्रचारकाची हमी मला आजही पटत नाही आणि माझं मत मित्राच्या तोंडून ऐकल्यापासून तेही उष्टं वाटतं.

मी रविवारी बहिणीकडं जातो. आष्टीच्या अलीकडं फाट्यावर उतरलं की तिचं घर दिसतं. ती ये म्हणत नाही, पाणी देत नाही. मी ओट्यावर बसतो. ती समोर सुपात ज्वारी निवडत बसते, खडे अंगणात फेकते. परवा फाट्यावर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी जागचा हललो नाही.

"गाडी चुकंल तुझी," ती सुपातच बघत म्हणाली.

"चुकू दे," मी म्हणालो.

तिनं एक खडा काढला, अंगणात फेकला आणि सूप पुन्हा हलवलं.