‘आधी’ म्हणून छापलेला माझा चेहरा

जिमच्या काचेच्या दारापाशी माझा चेहरा उभा होता. माणसाएवढा उंच. गालावरचे फोड, हनुवटीवरचे काळे डाग, कपाळावरची पुरळ, सारं मोठं करून फ्लेक्सवर छापलेलं. वर लाल अक्षरात ‘आधी’. खाली लिहिलं होतं, सुकट, मटण, तर्री, अनियमित खाणं.

बाजूले दुसरा चेहरा. गोरा, गुळगुळीत, हसरा. त्याच्यावर हिरव्या अक्षरात ‘नंतर’. खाली, सात्त्विक आहार आणि नियमित व्यायाम.

तो दुसरा चेहरा माझा नव्हता.

येणाऱ्या बाया अगोदर फ्लेक्सकडे पाहत, मग माझ्याकडे. मी समोरच रिसेप्शनवर बसली होती. एका काकूनं आपल्या पोरीले बोटानं दाखवलं, “बघ, हीच ती.” पोरगी पाहतच राहिली. मी फोन आल्याचं नाटक केलं आणि मान खाली घातली.

मी कामठीची. बी.पी.एड. झालेली. शाळेपासून कबड्डी खेळली, अंगात दम आहे. नागपुरातल्या या जिममध्ये ट्रेनर व्हायले गेली होती. मालकीण मॅडमनं सर्टिफिकेटं पाहिली, स्क्वॅट मारायले लावले, खूश झाली. मग तोंडाकडे पाहिलं.

“तुझं बाकी सगळं छान आहे गं. पण फ्लोअरवर क्लायंटला स्किन दिसते. आधी चेहरा क्लिअर कर, सकाळची लेडीज बॅच तुझीच.”

तोवर रिसेप्शन. मशिनी पुसायच्या, टॉवेल गोळा करायचे. मी हो म्हटलं. मले ती बॅच पाहिजे होती. समोर बाया उभ्या आहेत, मी शिट्टी मारून राहिली आहे, हे मी कॉलेजपासून डोळ्यासमोर आणत होती. त्यापुढे टॉवेल काय, मी संडासही धुतले असते.

तिथं सोमवारी डबे उघडायची पद्धत होती. सगळ्या स्टाफनं डबा काउंटरवर ठेवायचा, झाकण काढायचं, मॅडम चक्कर मारून पाहणार. पहिल्याच सोमवारी माझ्या डब्यात भाकर आणि वांग्यातली सुकट. मॅडमनं नाकाले रुमाल लावला. रागावली नाही. हळूच म्हणाली,

“तुमच्यात हे रोज खातात का? मग चेहऱ्यावर तेच येणार ना.”

तुमच्यात. हा शब्द मले नवा नव्हता. शाळेत ऐकला, होस्टेलच्या मेसमध्ये ऐकला. तिथं मी भांडली होती. इथं तो कातडीचं नाव घेऊन आला आणि मी बावळट, मले वाटलं मॅडम सायन्स सांगून राहिली आहे. मी झाकण लावलं आणि सॉरी म्हटलं.

मग सोडलं सारं. सुकट सोडली, अंडे सोडले, रविवारचं मटण सोडलं. आई म्हणे, “काहून वं बाई, पोट बिघडलं का?” मी म्हणो, डायट आहे. दुपारी काकडी आणि मोड आलेले मूग. सकाळी मात्र प्रोटीनचा शेक. जिममध्येच विकायले ठेवलेली पावडर, दुधात घोटलेली, गोडमिट्ट. ती स्टाफनं क्लायंटसमोर प्यायची, म्हणजे त्या बायाही विकत घेतील. शिवाय रोज ट्रेडमिलवर पळायचं. मॅडमचं म्हणणं, घामातून सारी घाण निघून जाते. घाम तर निघायचा, पण धुवायचा कुठं? तिथलं बाथरूम क्लायंटसाठी होतं. स्टाफनं तिथं आंघोळ करायची नाही, असा नियम. त्याच ओल्या टी-शर्टात मी दिवसभर बसून राहायची आणि संध्याकाळी तशीच कामठीच्या ऑटोत कोंबून घरी.

फोड गेले तर नाहीच, पाठीवर उतरले. मानेवर आले. उशीले गाल टेकवला तरी आग व्हायची. मॅडमनं एक दिवस सरळच विचारलं, घरी चोरून खातेस का म्हणून. मी गळ्याले हात लावून शपथ घेतली. आईच्या हातचं खाल्लं नाही याची शपथ. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मॅडमची भाची आली, पुण्याहून. माझ्याच वयाची. तिच्या गालावर माझ्यासारखेच फोड, थोडे जास्तच. मेकअपचा थर लावून ती दुसऱ्या दिवशी फ्लोअरवर उभी झाली. सकाळची लेडीज बॅच तिले भेटली. पोरगी वाईट नव्हती, माझ्याशी हसून बोलायची. एका बाईनं मॅडमले तिच्या चेहऱ्याबद्दल विचारलं.

“हार्मोन्सचं आहे हो तिचं,” मॅडम म्हणाली. “त्यात बिचारीचा काय दोष?”

मी बाजूलेच टॉवेलच्या घड्या करून राहिली होती. तिचे हार्मोन्स आणि माझी सुकट. तिले बिचारी म्हणायचं आणि मले शपथा घ्यायले लावायच्या. फोड तेच. मले काय हार्मोन्स नाहीत? आम्हाले ते देताना देवानं हात आखडता घेतला का? मी घडी मोडली, परत घातली. डोक्यात भणभण सुरू होती.

सुटी टाकली आणि सरकारी दवाखान्यात गेली. लाइनमध्ये उभी राहिली. कातडीच्या डॉक्टरीणबाईनं सारं नीट विचारलं. गोड किती, दूध किती, पावडर कोणती, घाम आल्यावर अंग कधी धुते. म्हणाली, जास्त गोडानं आणि अशा दुधाच्या पावडरीनं काहींचे फोड वाढतात, काहींना काहीच होत नाही. तुझी पावडर बंद करून पाहू. व्यायाम सोडू नको, पण घामाचे कपडे अंगावर वाळवू नको. मलम दिलं, गोळ्या दिल्या, महिने लागतील म्हणाली. मी भीत भीत विचारलं, सुकट? ती लिहिता लिहिता म्हणाली, “खा ना. कोणी बंद करायला सांगितली?”

बाहेर येऊन पायरीवर बसली. आमच्या घरात एकदाच खाणं सुटलं होतं, आजोबाच्या काळात. धम्मदीक्षा घेतली आणि मेलेलं ढोर ओढणं, त्याचं मांस खाणं, दोन्ही त्यांनी टाकून दिलं. स्वतःच्या मानासाठी, स्वतः ठरवून. आणि त्यांची शिकलेली नात कोणी नाकाले रुमाल लावला म्हणून आईचं ताट सरकवून बसली होती. मले लय रडू आलं. त्या रात्री मी सुकट मागितली. आईनं दोन भाकरी जास्त टाकल्या.

मॅडमले पावडरीचं आणि बाथरूमचं सांगतलं. ती म्हणाली, पावडरबद्दल फ्लोअरवर एक शब्दही काढायचा नाही. बाथरूमचं तिनं ऐकलंच नाही. मग काही दिवसांनी गोड बोलून माझा फोटो मागितला. आत्ताचा फोटो ‘आधी’ म्हणून ठेवू, औषधानं साफ झालीस की ‘नंतर’ही तुझाच लावू, मग तुलाही एक बॅच देते. बॅचचं नाव काढलं की मी पाघळायची. दिला फोटो.

आणि हा फ्लेक्स लागला. ‘नंतर’च्या जागी भाची, कॉम्प्युटरवर घासून गुळगुळीत केलेली.

त्याच दिवशी हॉलमध्ये मॅडमचं व्याख्यान होतं. आहार, व्यायाम आणि त्वचा. बायांनी हॉल भरला होता. मधेच मॅडमनं माइकवरून मले बोलावलं.

“ये गं, लाजू नकोस. सांग सगळ्यांना, तू घरी काय खायचीस?”

माइक माझ्या तोंडापुढे आला. बाया हसऱ्या तोंडानं वाट पाहून राहिल्या होत्या. भाची पहिल्या रांगेत होती, तिनं मान खाली घातली. मी माइक हातात घेतला.

“जे खायची, तेच परत खाऊन राहिली आहे. आजही डब्यात सुकट आहे. बाहेरचा ‘नंतर’वाला चेहरा माझा नाही, तुमच्या भाचीचा आहे. तिलेही माझ्यासारखेच फोड आहेत. माझा फोटो खाली काढा.”

मॅडम हसली, गंमत करते म्हणाली, माइक ओढून घेतला. कोणी टाळी वाजवली नाही. एक बाई मोबाइल पाहू लागली. मी दारापाशी आली, काउंटरवरची कात्री घेतली आणि फ्लेक्स मधोमध कापला. ‘नंतर’ तिथंच लटकत ठेवला. माझा अर्धा गुंडाळून काखेत घेतला. मॅडम मागून आली. दातओठ खाऊन म्हणाली, बॅच विसर आता, नागपुरात कुठं उभी राहतेस ते पाहतेच. मी डबा उचलला आणि निघाली.

घरी फ्लेक्स पसरला. वरचा ‘आधी’ कापून फेकला. खालची खाण्याची यादी कापून फेकली. मधला चेहरा ठेवला, फोडांसकट. त्याच्या खाली मार्करनं लिहिलं, महिलांसाठी व्यायाम, सकाळी सहा वाजता, वस्तीचं मैदान. आई म्हणाली, “दुसरा चांगला फोटो नव्हता का वं?” मी म्हटलं, हाच पाहिजे.

उद्या मैदानाच्या जाळीले बांधीन. कदाचित कोणी येणार नाही. फोड अजून आहेत, नेमके कधी जातील ते डॉक्टरलेही माहीत नाही. शिट्टी मी याच तोंडानं मारणार. तिथं कोणाचा डबा उघडला जाणार नाही. आणि यापुढे तुमच्यात काय खातात असं मले कोणी विचारलं, तर मी सांगत बसणार नाही. डोळ्यात डोळे घालून विचारीन, काहून पाहिजे तुले?