बेबीताईंच्या गाडीचा संधिवात

बेबीताईंचं मला झालेलं पहिलं दर्शन म्हणजे त्यांचे दोन पाय. जानेवारीतली सकाळ होती. नोकरीसाठी मी नुकतीच वर्ध्याहून रायपूरला आले होते आणि तात्यापाऱ्यातल्या एका गल्लीत भाड्याची खोली बघायला गेले होते. घरासमोर एक जुनी, पांढरी, छोटी गाडी उभी होती. तिची डिकी उघडी होती आणि डिकीतून लोकरी मोजे घातलेले दोन पाय बाहेर आले होते. मी घाबरून "अहो, काय झालं?" म्हणून ओरडले. आतून खणखणीत आवाज आला, "ए पोट्टी, उभी काय राहून राहिली? ढकल ना मले!"

मी ढकललं. पाय आत गेले. मागच्या सीटवरून एक साठी उलटलेल्या बाई कशाबशा पुढच्या सीटवर पोचल्या, त्यांनी पदर सावरला, खिडकीची काच हाताने फिरवून खाली घेतली आणि विचारलं, "खोली पाह्यले आली का? पसंत आहे म्हणूनच समज. सामान कुठं आहे? चाल, घेऊनच येऊ." मी दार ओढलं. ते उघडेना. "तिकडून नाही," त्या म्हणाल्या, "जशी मी आली, तशी ये." भाडं ठरायच्या आधीच मी घरमालकिणीच्या गाडीत डिकीतून शिरले होते.

बेबीताई हे नाव त्यांना पाळण्यात चिकटलं आणि नातवंडं झाली तरी सुटलं नाही. रेल्वेच्या ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली. यजमानही रेल्वेतच होते. गाडी त्यांची. किल्लीवरचं एक बटण दाबलं की चारही दारं उघडतील असं सेंट्रल लॉक त्यांनी हौसेनं मागाहून बसवून घेतलं होतं. ते गेल्यावर गाडी विकावी असं सगळ्या नातेवाइकांचं ठरलं. बेबीताईंचं तेवढं ठरलं नाही. त्या गाडी शिकायला गेल्या. "शिकवणारा म्हणे, माताजी, डरना मत. म्या म्हटलं, मी कायले डरू? डरन तो समोरचा," हे त्या मोठ्या अभिमानानं सांगत, आणि समोरचे खरोखरच घाबरत.

गाडी तशी गुणी होती. दुखणं एकच, ते म्हणजे दारं. थंडीत सकाळी बटण दाबलं की आतून एक कण्हल्यासारखा आवाज यायचा, दाराच्या काठावरची खुंटी अर्धी वर यायची आणि पुन्हा खाली बसायची. किल्लीही फिरायची नाही. आतून ओढलं तरी तेच. ऊन चढलं की तीच दारं शहाण्यासारखी उघडायची. त्यामुळे झालं असं, की भनपुरीच्या गॅरेजात दुपारी गाडी नेली की संतराम मिस्त्री दहादा बटण दाबून बघायचा, त्याला काहीच बिघाड सापडायचा नाही आणि तो छत्तीसगढीत म्हणायचा, "सब तो बने हे, दाई. कुछू नइ होय हे." बेबीताईंना खोटं पाडायची गाडीची ही खोड त्यांना फार लागायची.

शेवटी त्यांनी स्वतःच निदान केलं. "हा संधिवात आहे, पोरी. थंडीत धरते, उन्हात सुटते. माह्या गुडघ्यासारखंच." निदान झालं म्हणजे उपचार आला. शेकायच्या रबरी पिशव्या त्यांच्याकडे दोन होत्या. सकाळी एक गुडघ्यावर आणि दुसरी गाडीच्या दारावर. एका हातानं पिशवी दाराशी दाबून धरून त्या गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांशी निवांत गप्पा मारायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, "हस बाप्पा. तुही गाडी म्हातारी झाली की तिलेही शेक द्या लागन." आणि गंमत म्हणजे शेकानं दार खरंच उघडायचं.

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला मात्र घात झाला. हळदीकुंकवाला जायचं म्हणून गल्लीतल्या तिघीजणींना घेऊन त्या निघाल्या. मीही होते. बेबीताई म्हणायच्या, "मले कुंकू लावा का नका लावू, नेणार तर मीच ना?" गार वारं सुटलेलं, दिवस मावळलेला. यजमानीणबाईंच्या दारात गाडी थांबली आणि एकही दार उघडेना. शेकाची पिशवी घरी. खिडक्या उघड्या होत्या, पण त्यातून बाहेर पडण्याइतकी सडपातळ त्या गाडीत कोणीच नव्हती, आणि ठेवणीतल्या साड्या नेसून डिकीतून रांगत बाहेर यायला कोणी तयार होईना. यजमानीणबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी तबक बाहेर आणलं आणि खिडकीतूनच सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, बेबीताईंना सगळ्यात आधी. तिळगूळ खिडकीतून आला, वाणही खिडकीतून आलं. मग गरम पाण्याचं भगोणं आलं आणि आम्ही सुटलो. हसून हसून आमची पोटं दुखली. कोणीतरी फोनवर फोटो काढला, आणि तो फिरत फिरत पुण्याला मुकुंदकडे पोचला.

मुकुंद बेबीताईंचा एकुलता एक मुलगा. त्याला काही हसू आलं नाही. "आई, बास झालं. पुढच्या रविवारी मी येतोय. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. उद्या एकटी आत अडकलीस तर?" फोन ठेवल्यावर बेबीताई पायरीवर येऊन गाडीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "गाडी गेली तं काय होईन, माहीत आहे? बाजारात जायचं असो का दवाखान्यात, आधी कोणाले तरी इचारा लागन. येतं का रे बाबा, नेतं का रे बाबा. एवढे दिवस मी कोणाले इचारलं नाही." मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि मुकुंदचं चुकत होतं असंही म्हणवेना.

पण हातावर हात धरून बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. त्यांनी संतरामला फोन लावला. "डॉक्टर ताप चढल्यावर येते का उतरल्यावर? उद्या उजाडता उजाडता घरी ये." तो बिचारा कानाला मफलर गुंडाळून, हातात हत्यारांची पिशवी घेऊन पहाटेच्या धुक्यात आला. बटण दाबलं. गाडी कण्हली. संतरामचा चेहरा उजळला, "अब पकड़ाइस, दाई!"

डिकीतून आत शिरून त्यानं दाराचं आतलं कव्हर सोडवलं. बेबीताई टॉर्च धरून उभ्या. लॉकच्या खटक्यात त्यानं बोट घातलं आणि बाहेर काढलं ते पांढरट, थिजलेलं, काळ्या धुळीनं माखलेलं काहीतरी. जवळच्या उरला भागातल्या कारखान्यांची ती काळी धूळ आमच्याकडे देव्हाऱ्यातसुद्धा बसते, तिचं नवल नव्हतं. पण पांढरं काय? "दाई," ते तूप समजून संतराम चक्रावून म्हणाला, "लॉक मा घीव कोन डारथे?"

बेबीताईंनी त्याचं बोट नाकाशी नेलं, वास घेतला आणि पायरीवर मटकन बसल्या. खोबरेल तेल होतं ते.

त्यांचे यजमान खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करत आणि ट्रंकेपासून गाडीपर्यंत प्रत्येक कुलपात खोबरेलाचा एकेक थेंब सोडत. ते गेल्यावर बेबीताईंनी रीत मोडली नाही. "ते थेंबभर सोडत होते," त्या म्हणाल्या. "मले वाटे, आता ते नाहीत, तं आपण थोडं जास्तच सोडावं. दरसाली वाटीभर ओतून राहिली मी." दर हिवाळ्यात बाटलीतलं तेल थिजतं म्हणून आम्ही ती उन्हात ठेवत होतो, आणि दारातलं तेल थिजत असेल हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. बेबीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्याच क्षणी त्या अशा हसत सुटल्या की टॉर्चचा उजेड गल्लीभर नाचायला लागला. "संधिवात नव्हता रे! बाईले तेलानं माखून माखून मीच आखडवली!"

संतरामनं चारही दारं उघडली, खटके रॉकेलनं धुतले, जुन्या टूथब्रशनं घासले, कोरडे केले आणि पातळ ग्रीसचं नुसतं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी भर थंडीत बटण दाबलं आणि चारही दारं एका दमात उघडली. बेबीताईंनी ते बटण सकाळभर इतक्या वेळा दाबलं की मी किल्ली लपवून ठेवली.

रविवारी मुकुंदला आणायला त्या स्टेशनवर गेल्या. घरी आल्यावर त्यानं स्वतः गाडी बंद करून बटण दाबलं. एकदा, दोनदा. दारं उघडत होती, मिटत होती. आई जिंकली असं मला वाटलं, तोच तो खुशीत म्हणाला, "वा! आता किंमत चांगली येईल."

बेबीताईंचा चेहरा बघवेना. दुपारी गिऱ्हाईक आलं, उरल्याच्या एका कारखान्यातले सुपरवायझर. त्यांनाही दारं आवडली. "गाड़ी तो एक नंबर है, माताजी. ज़रा चला के देख लूँ?"

"बाजू में बैठो," बेबीताई म्हणाल्या. "पहले मैं दिखाती हूँ."

मुकुंद आणि मी मागे बसलो. तो आला की नेहमी किल्ली स्वतःच घ्यायचा; स्टेशनवरून येतानाही त्यानंच चालवली होती. आई चालवत असताना तो आज पहिल्यांदाच गाडीत बसत होता. त्या निघाल्या ते थेट भनपुरीच्या रस्त्याला, आणि तिथे दोन ट्रक समोरासमोर अडकलेले. मागे रांग, पुढे रांग. मुकुंदनं पुढची सीट घट्ट धरली. बेबीताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए भैया, बायाँ काट! और थोड़ा! आने दे, आने दे!" एक ट्रक सरकला. मग त्यांनी उसाच्या रसाची गाडी आणि दुसरा ट्रक यांच्यामधून आमची गाडी मागे घेतली, वळवली आणि सगळ्यांच्या आधी बाहेर काढली. घरी उतरताना सुपरवायझर मुकुंदला म्हणाले, "भैया, गाड़ी तो ले लूँ, पर चलाने के लिए माताजी साथ में देंगे क्या?"

मुकुंद हसला. मग हळूच म्हणाला, "आई, तू हे सगळं शिकलीस कधी?"

"तू पुण्यात होता तवा," त्या म्हणाल्या.

गाडी राहिली. जाताना मुकुंदनं एवढंच विचारलं, "पण थांबणार कधी?" त्यावर बेबीताई म्हणाल्या, "ते मी सांगीन. तुह्याआधी मले समजन."

पुढे बरीच वर्षं ती गाडी चालली. मग एका दुपारी बेबीताई, गुडघे धरत धरत, जिना चढून माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आज नाक्यावरचा लाल दिवा मले दिसलाच नाही, पोरी. कोणाले लागलं नाही. पण दिसला नाही." कोणी पाहिलेलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. मी चष्मा बदलू म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ म्हटलं. "जाऊ ना. पण नेशीन तू." मग त्यांनी मुकुंदला फोन केला. तो तिकडून समजूत घालत होता, अगं आई, एवढ्यात कशाला, अजून थोडे दिवस चालव. "मी म्हटलं होतं ना, मीच सांगीन?" त्या म्हणाल्या. "सांगितलं." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नीट साडी नेसून डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या आणि मला हाका मारू लागल्या. मला गाडी चालवता येत नव्हती. गल्लीच्या तोंडाशीच मी ती तीनदा बंद पाडली. मागे रिक्षा, मोटरसायकली, दूधवाला, सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले आणि मी रडायच्या बेतात आले. बेबीताईंनी काच खाली घेतली आणि अर्ध्या बाहेर वाकून अख्ख्या तात्यापाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "रुको ना ज़रा! मेरी पोट्टी सीख रही है!"

हॉर्न थांबले. मी किल्ली पुन्हा फिरवली.