गुलाबभाऊनं गाडी उचलली

गुलाब मेश्रामची पिकअप साऱ्या गावाची होती म्हटलं तरी चालेल. धानाची पोती, लग्नाची भांडी, रोवणीला जाणाऱ्या बाया, दुखणाईत म्हातारे, सगळं तिच्यातच. गाव नाल्याच्या त्या अंगाला, जंगलाला टेकलेलं. सिंदेवाहीला जायचं तर नाल्यावरचा रपटा ओलांडावा लागे. रपटा कसला, सिमेंटचा बसका पट्टा तो. जोराचा पाऊस झाला की पाणी त्याच्यावरून वाहायचं आणि मग गाव आपलं आपल्यापाशी.

गेल्या साली ऐन रोवणीत गुलाबच्या बायकोला, अंजनाबाईला, धानाच्या बांधीत साप चावला. गुलाबनं तिला गाडीत घातलं आणि मागचापुढचा विचार न करता रपट्यावर उतरला. पाणी समोरच्या दिव्यांपर्यंत चढलं, इंजिनात शिरलं, गाडी मधोमध बंद पडली. लोकांनी दोर लावून ती मागं ओढली तोवर अंजनाबाई संपली होती. "गुलाबभाऊ, तुमच्या हातात काय होतं?" म्हणत माणसं येऊन बसून गेली. समजूत घालणाऱ्याचं काय जातं! गुलाबच्या मनानं एकच धरलं होतं, की गाडी उंच असती तर अंजना वाचली असती.

उन्हाळ्यात तो ब्रह्मपुरीला निकेश मिस्त्रीकडं गेला. निकेश तोंडाचा फटकळ, पण कामाचा सच्चा. गाडी उचलून उंच करायची दोन किट त्यानं बाकड्यावर ठेवली. एक दोन इंचांचं, दुसरं चार इंचांचं.

"दोन इंचांचं घ्या भाऊ," निकेश म्हणाला. "टायर एक नंबर मोठा बसते, मडगार्डाले घासत नाई. चार इंचात मोठे जंगली टायर बसते, दिसाले झकास दिसते. पण वळणावर गाडी डोलते, ब्रेकचे पाइप बदलाव लागते, अन् चढता-उतरता बायामाणसाची फजिती."

"पाण्यातून कोणती निघन?"

निकेशचा हात थांबला. अंजनाबाईचं त्यालाही ठाऊक होतं. "पाण्यासाठी करून राह्यले का? मंग आयका. मोठ्या टायरात हवा जास्त. हवा भरलेली वस्तू पाण्यात काय करते, तुमाले सांगाव लागते का? इंजिन चालू राहीन, पण चाकं जमीन सोडतीन. गाडी तरंगली का स्टेअरिंग नुसतं हातात धराले."

"चारचंच लाव," गुलाब म्हणाला. "अन् इंजिनची हवेची नळी टपावर काढ."

ऐकायचंच नाही असं ठरवून आलेल्याला कोण समजावणार? पालथ्या घड्यावर पाणी. निकेशनं पाना उचलला.

पावसाळा लागला आणि रपट्यावर गुडघाभर पाणी आलं तेव्हा गुलाबनं गाडी त्यातून आरपार नेली आणि परत आणली. काठावर जमलेल्या गावानं टाळ्या पिटल्या. "आता नाल्याची काय बिशाद, भाऊ!" म्हातारा सुकलू ओरडला. गुलाबचे डोळे भरून आले. हे बघायला अंजना हवी होती, असं त्याला फार वाटलं.

आणि इथंच घात झाला. गावाची जुनी रीत होती. ज्या बाईचे दिवस भरत आले असतील तिला पावसाळ्याआधी नाल्यापार सोयऱ्यांकडं नेऊन ठेवायचं, सोबत तिच्यापुरते तांदूळ द्यायचे. जात कोणतीही असो, घर कोणाचंही असो, ही रीत कुणी मोडत नसे. बाळंतपण नाल्याच्या मर्जीवर सोडायचं नाही, एवढं शहाणपण आज्यापणज्यांपासून चालत आलेलं. यंदा मात्र कोणी जागचं हललं नाही. "जाऊन काय कराच? गुलाबभाऊची गाडी हाये ना!" खुद्द गुलाबची सून संघप्रिया, पोट पार खाली आलेलं, तीही घरीच. सिंदेवाहीच्या तिच्या मावशीचं बोलावणं आलं, ते गुलाबच्या पोरानं, राजदीपनं, हसून परतवलं. गुलाबही हसला. खरं सांगायचं तर त्याला ते गोडच लागलं होतं.

मग झड लागली. एका सकाळी, पाणी जरा ओसरतंय असं बघून, गाडी निघते का ते पारखायला गुलाब ती रिकामीच घेऊन एकटा रपट्यावर उतरला. पाणी गेल्या सालापेक्षा कमीच होतं. इंजिन खणखणीत चालू होतं. निम्म्यावर गेला आणि मागचा भाग हलका झाला. चाकं फिरत होती, पण धरत नव्हती. स्टेअरिंग इकडं फिरव, तिकडं फिरव, काही नाही. गाडी आडवी होत रपट्याच्या कडेला सरकली. मागचं चाक तिथल्या दगडाला अडलं म्हणून वाचला. टायर टेकले तसा तो जीव मुठीत धरून मागं आला.

काठावर येऊन त्यानं गाडी थांबवली. अंजना वाचली नसती. दोन इंचांनी नाही, चार इंचांनी नाही, कशानंच नाही. वर्षभर ज्या एका 'असती तर'वर तो जगला होता, ते खोटं निघालं. स्टेअरिंगवर डोकं टेकून तो लहान पोरासारखा रडला.

ओढ्यानाल्याचं पाणी चढतं तसं उतरतं. दुपारपर्यंत रपट्यावर घोटाभर राहिलं, पण जंगलावर पुन्हा काळं दाटत होतं. गुलाब तडक घरी आला.

"संघप्रिया, कपडे बांध. सिंदेवाहीले निघाचं, आत्ताच."

"आता काऊन, बाबा?" राजदीप म्हणाला. "दिवस हायेत अजून. अन् गाडी हाये ना आपली. आईच्या वेळी ही गाडी असती तर..."

"तरी तुही माय गेली असती," गुलाब म्हणाला. "अन् तिच्यासंगं मी बी. गाडी तरंगते, राजदीप. मी आज पाह्यलं."

अंगणात आलेल्या सुकलूला गुलाब म्हणाला, "घराघरात सांगा. जिचे दिवस भरले तिले आजच पार न्या. माह्या गाडीच्या भरवशावर राहू नका."

संघप्रिया गाठोडं घेऊन गाडीपाशी आली, पण पायरीपर्यंत तिचा पायच पोचेना. प्लास्टिकची खुर्ची लावली, तर चिखलात खुर्चीचा पाय रुतून वाकला आणि ती कलंडता कलंडता सावरली. राजदीप गाडीत चढून तिचे हात धरून ओढू लागला, पण भरल्या पोटाच्या बाईला ओढणार किती? तेवढ्यात थेंब पडायला लागले.

गुलाब चिखलात एका गुडघ्यावर बसला आणि दुसरी मांडी पुढं केली.

"ठेव पाय."

संघप्रिया मागं सरली. चुकून पदर लागला तरी हात जोडणारी पोर ती. "मामाजी, तुमाले पाय कसा लावू?"

"लाव, पोरी. तुह्या सासूले मी नेऊ नाई शकलो."

तिला वाकता येत नव्हतं. तिनं चप्पल काढली, सासऱ्याच्या खांद्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि दोन जिवांचा भार त्याच्या मांडीवर ठेवला. गुलाबनं मान खाली घातली आणि ती सीटवर टेकेपर्यंत हलला नाही.