हक्कसोडपत्र वाचून दाखवणारी

तिला मी कामावरून काढलं, आणि तिची चूक काहीच नव्हती. एवढं लिहायला मला फार वर्षं लागली.

ती माझी ज्युनिअर वकील. सहीचा कागद आला की ती तो फिरवून सही करणाऱ्या बाईसमोर ठेवायची आणि विचारायची, "ताई, यात तुमचं काय जातंय ते सांगू का?"

तुम्ही आमच्याकडच्या नोंदणी कार्यालयाबाहेर कधी थांबला असाल तर पाहिलं असेल. भाऊ बहिणीला गाडीतून आणतात, साडी देतात आणि वडिलांच्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडवून घेतात. चाकणच्या पट्ट्यात कारखाने आले, जमिनींना भाव आला, तशी आम्हा वकिलांची चलती झाली. या कामात राहिलीस तर आयुष्यभर चिंता नाही, असं मीच तिला सांगितलं होतं. तिला मात्र मृत्युपत्रं करायची होती. माणसाला जिवंतपणीच विचारून घेतलं तर मागची माणसं भांडत नाहीत, असं ती म्हणे. दिघीहून स्कूटीवर यायची. पर्समध्ये एक भिंग असे, नजर अधू झालेल्या म्हाताऱ्यांसाठी.

एकदा कुरुळीच्या दोघा भावांनी बहिणीला आणलं. हिने हक्कसोडपत्र अख्खं वाचून दाखवलं.

"म्हंजी माजं नाव उताऱ्यावरनं जाणार व्हय?" असं म्हणून बाईने पेन खाली ठेवलं.

थोरला मला म्हणाला, "वकीलसाहेब, ही तुमची ज्युनिअर हाय का आमच्या बहिणीची?"

सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. पुढे दोघा वकिलांनी तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा 'आलेली कामं मोडते' एवढंच बोललो. तेवढं पुरलं. तिला कुणी घेतलं नाही.

गेल्या महिन्यात तळवड्याच्या एका कंपनीत ती दिसली. भाडेकरारांचे रकाने तपासत होती.

"सनद स्थगित केली, सर. पगारी नोकरीत वकिली करता येत नाही ना." कुणाला पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं. मग थांबून विचारलं, "त्या कुरुळीच्या ताईंनी सही नाही ना केली?"

"केली. आठवड्याने, माझ्याच टेबलावर. मी वाचून दाखवलं नाही."

तिने हातातला भाडेकरार खाली ठेवला. मी उभाच होतो.

"तू बरोबर होतीस, हे मला त्या दिवशीही कळत होतं," मी म्हणालो. "तुझं काम घालवलं, वर नावही खराब केलं. माझं चुकलं. मला माफ कर."